१९१९ साली लँकेशायर कप नेमका कोणी जिंकला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही यॉर्कशायरमध्ये शिकायला आहात आणि तिथल्या एका रग्बी लीग क्लबच्या छोट्या संग्रहालयात सुटीच्या दिवशी काम करता. लँकेशायर कप आणि यॉर्कशायर कप या, उत्तर इंग्लंडमधल्या दोन शेजारच्या काउंट्यांच्या (म्हणजे परगण्यांच्या) जुन्या रग्बी स्पर्धांच्या १९०५ ते १९२० मधल्या विजेत्यांचा फलक करायचं काम तुमच्याकडे आलंय. तीन याद्या जमवल्यात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत १९०५ चा लँकेशायरचा अंतिम सामना ०–०, दुसरीत ८–०. एकीत १९१९ चा विजेता रॉचडेल हॉर्नेट्स, दुसरीत ओल्डहॅम. शिवाय तुमच्याबरोबर काम करणारे एक आजोबा हन्स्लेट या क्लबाच्या ‘चारही कपां’बद्दल इतक्या भक्तिभावाने बोलतात, की एका काउंटीपुरत्या कपला एवढं महत्त्व का, हे तुम्हाला कळत नाही. तुम्ही विचारलंय, “कोणती यादी बरोबर?”

तिन्ही बरोबर असू शकतात. मी वीसेक वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागात काम केलंय. असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांना जुनी वर्तमानपत्रं दाखवणाऱ्या मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसवणं हेच माझं काम. या कपांबद्दल आलेल्या तक्रारींतल्या बहुतेक ‘चुका’ तपासल्यावर चुका निघाल्या नाहीत. यादी करणाऱ्याने कोणतं वर्ष धरलं, कोणता सामना धरला आणि कोणता क्लब तो समजला, एवढाच फरक असायचा. म्हणून याद्यांची तुलना थोडा वेळ बाजूला ठेवा आणि ही स्पर्धा त्या काळच्या हंगामात कुठे बसत होती ते आधी पाहा.

थोडं मागे जावं लागेल. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी मूळ रग्बी युनियनपासून फारकत घेतली. वाद खाडा भरून देण्याचा होता. गिरणीत, खाणीत, गोदीत राबणारा माणूस शनिवारी खेळायला गेला की अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी असं उत्तरेचं म्हणणं, आणि दिली की खेळ बाटला असं लंडनच्या मंडळींचं. माझं माहेर सोलापूरचं, गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गल्लीतलं, त्यामुळे हा वाद मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. उत्तरेने ‘नॉर्दर्न युनियन’ काढली आणि खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत द्यायची मुभा दिली. ‘रग्बी लीग’ हे नाव इंग्लंडमधल्या संघटनेने १९२२ मध्ये घेतलं. म्हणजे तुमच्या फलकाच्या काळात मथळ्यापासून पदकापर्यंत सगळीकडे ‘नॉर्दर्न युनियन’च दिसेल. ते पाहून ही दुसरीच स्पर्धा असावी, असं समजू नका.

नव्या संघटनेला दहा वर्षं साखळीचा साचा सापडेना. पहिल्या हंगामात २२ क्लबांची एकच साखळी होती, प्रत्येकाला ४२ सामने. मग दोन काउंट्यांच्या वेगवेगळ्या साखळ्या झाल्या. १९०१ मध्ये बड्या क्लबांनी आपली वेगळी चूल मांडली, १९०२ पासून दोन श्रेणी आल्या. खालच्या श्रेणीत गेलेल्या क्लबाचे शेजारच्या गावाशी होणारे सामने बंद झाले, आणि गर्दी तर त्याच सामन्यांना व्हायची. अखेर १९०५–०६ ला श्रेणी मोडून ३१ क्लबांची एकच साखळी केली. एकतीस क्लब सगळ्यांशी खेळणार कसे? प्रत्येकाचे सामने कमी-जास्त, म्हणून क्रमवारी गुणांच्या टक्केवारीवर. त्या हंगामात ती साखळी ली या क्लबाने जिंकली.

याच हंगामात दोन्ही काउंटी कप सुरू झाले आणि मला तो योगायोग वाटत नाही. टक्केवारीच्या तक्त्याने कोणाच्या अंगावर काटा येत नाही. शनिवारी गावातल्या माणसाला ‘आज हरलो तर बाहेर’ असं काहीतरी हवं असतं. देशपातळीचा बाद पद्धतीचा चॅलेंज कप १८९७ पासून होताच, पण तो वसंतात. शरद ऋतू रिकामा होता. काउंटी कपच्या फेऱ्या साधारण ऑक्टोबरपासून आणि अंतिम सामना नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात, अशी ती पोकळी भरली. प्रवास कमी, शेजारी प्रतिस्पर्धी, तीन-चार विजयांत कप हातात. यॉर्कशायरच्या लोकांना तर बाद पद्धतीचं वेड जुनंच. फुटीच्या कितीतरी आधी, १८७७ पासून, त्यांच्याकडे एक काउंटी कप होता आणि लोक त्याला लाडाने ‘तो जुना पत्र्याचा डबा’ म्हणायचे. मात्र तो रग्बी युनियनचा. तुमच्या फलकावरचा १९०५ चा कप वेगळा आहे, दोघांची सरमिसळ करू नका.

आता ०–० आणि ८–०. पहिला लँकेशायर अंतिम सामना विगन आणि ली यांच्यात सॅलफर्डमधल्या ब्रॉटन रेंजर्सच्या व्हीटर्स फील्ड मैदानावर झाला आणि ०–० सुटला. फेरसामना त्याच डिसेंबरात झाला आणि विगनने तो ८–० जिंकला. दोन्ही आकडे खरे. फलकावर एकच ओळ मावत असेल तर ८–० लिहा आणि पुढे ‘फेरसामना’ हा शब्द घाला. तो शब्द गाळला की पुढच्या माणसाला पुन्हा तुमच्यासारखंच वर्तमानपत्र उघडावं लागतं.

त्या १९०५ च्या सामन्यांची आणखी एक गोष्ट फलक करणाऱ्याला माहीत हवी. एका संघात तेराच खेळाडू आणि पकडल्यावर चेंडू पायाने मागे देऊन खेळ चालू ठेवणं, हे दोन्ही बदल १९०६ मध्ये आले. म्हणजे दोन्ही काउंटी कपांचा पहिला हंगाम पंधरा-पंधरा जणांनी खेळला गेला. १९०५ च्या विजेत्या संघाच्या छायाचित्रात पंधरा खेळाडू मोजून कुणी ‘दोन राखीव’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. ते राखीव नव्हते.

वर्षाचा घोळ यापेक्षा मोठा. हंगाम सप्टेंबर ते पुढच्या वर्षीचा वसंत, आणि हा कप मात्र पहिल्या अर्ध्यातच संपतो. त्यामुळे काही लोक १९०७ लिहितात, काही १९०७–०८, आणि जी यादी हंगाम संपला ते वर्ष धरते ती त्याच कपाला १९०८ म्हणते. शांततेच्या काळात कोणतीही एक पद्धत शेवटपर्यंत पाळली तर बिघडत नाही. पण तुमच्या काळात मध्ये महायुद्ध आहे, आणि तिथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे.

१९१४–१५ नंतर हे कप थांबले. युद्धविराम झाल्यावर १९१८–१९ चा अर्धामुर्धा हंगाम खेळवला, त्यात काउंटी कप नेहमीच्या शरदात बसणं शक्यच नव्हतं. ते मे १९१९ मध्ये संपले. लँकेशायरच्या अंतिम सामन्यात रॉचडेलने ओल्डहॅमला २२–० हरवलं. मग नवा हंगाम वेळेवर सुरू झाला, कप पुन्हा आपल्या जागी गेला, आणि डिसेंबर १९१९ मध्ये अंतिम सामन्याला पुन्हा तेच दोघे! या वेळी ओल्डहॅम ७–० ने जिंकलं. एका वर्षात दोन अंतिम सामने, तेच दोन संघ, निकाल उलटे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका प्रदर्शनासाठी तक्ता केला होता. ‘१९१९’ समोर दोन परस्परविरोधी नोंदी दिसल्या, तेव्हा त्यातली एक छपाईची चूक समजून मी खुशाल खोडली. उद्घाटनाच्या दिवशी काठी टेकत आलेल्या एका गृहस्थांनी फलकापुढे बराच वेळ उभं राहून मला शांतपणे विचारलं, “बाई, आमचा एक कप कुठे गेला?” तेव्हापासून मी हंगामच लिहिते, १९१८–१९ आणि १९१९–२०, आणि जागा असेल तर खाली अंतिम सामन्याचा महिना. तुम्हीही तेच करा. यॉर्कशायरकडे हा घोळ डोळ्यांत भरत नाही, कारण दोन्ही वेळा हडर्सफील्डच जिंकलं. मे महिन्यात ड्यूजबरीला १४–८ आणि नोव्हेंबरात लीड्सला २४–५. पण म्हणूनच तिथे दोन कपांचा एक कप होऊन जाण्याची भीती जास्त.

क्लबांच्या नावांत सर्वांत घातक नाव ब्रॅडफर्ड. १९०६–०७ चा यॉर्कशायर कप ब्रॅडफर्डने वेकफील्डच्या बेल व्ह्यू मैदानावर हल किंग्स्टन रोव्हर्सला ८–५ हरवून घेतला. त्याच क्लबाने १९०६ चा चॅलेंज कपही जिंकलेला. आणि १९०७ मध्ये हा क्लब रग्बी सोडून चक्क फुटबॉलकडे वळला आणि ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू झाला. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी ब्रॅडफर्ड नॉर्दर्न हा नवा क्लब काढला. १९१३–१४ च्या अंतिम सामन्यात हडर्सफील्डकडून १९–३ हरलेला तो ब्रॅडफर्ड नॉर्दर्न. दोन्हींना एकाच रकान्यात घालून ‘ब्रॅडफर्ड: एक विजय, एक पराभव’ असं करणं म्हणजे वाटण्या झालेल्या भावांचा सातबारा एकत्र करण्यासारखं. परंपरा तीच आहे असं तिथले चाहते म्हणतील आणि त्यात तथ्यही आहे. म्हणून तुमचा फलक कोणासाठी आहे, यावर हे थोडं अवलंबून राहील. चाहत्यांच्या भिंतीवर टीप देऊन एकत्र दाखवलं तर मी भांडणार नाही. संशोधकांसाठीच्या यादीत मात्र वेगळेच ठेवेन.

आकडा खरा की खोटा हे घरबसल्या तपासायची एक युक्ती सांगते. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं, आणि गोल म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून पाठवणं. या काळात ट्रायला ३ आणि कोणत्याही गोलला २ गुण. म्हणजे १ हा गुण कधीच असू शकत नाही. ५ असेल तर एक ट्राय आणि एक गोल, दुसरा मार्ग नाही. ७ म्हणजे एक ट्राय, दोन गोल. तुमच्या यादीत कुठे १ दिसला तर ती छपाईची चूक, डोळे मिटून. पण ८ आला की थांबा. दोन ट्राय आणि एक गोल, किंवा नुसते चार गोल, दोन्ही शक्य. तिथे बातमी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. बातमीसाठी सोमवारचं दैनिक गाठा. शनिवारी संध्याकाळच्या खास क्रीडा आवृत्त्या गमतीशीर असतात, पण सामना चालू असताना तारेने आलेल्या तुकड्यांवरून घाईने जुळवलेल्या. त्यात ट्राय करणाऱ्याचं नाव चुकतं, कधी शेवटची दहा मिनिटंच गायब असतात.

इथवरचं थोडक्यात: वर्षाऐवजी हंगाम लिहा, फेरसामना असेल तर तो शब्द घाला, १९१९ मध्ये दोन कप आहेत हे विसरू नका, १९०७ च्या आधीचं आणि नंतरचं ब्रॅडफर्ड वेगळं ठेवा. आता आजोबांच्या हन्स्लेटकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला खरा रस मला तिथे दिसला.

‘एका काउंटीपुरता कप’ हे शब्द ऐकून आपल्याला जिल्हास्तरीय स्पर्धा आठवते. तसं नव्हतं. नॉर्दर्न युनियनचे बहुतेक सगळे क्लब या दोन काउंट्यांतच होते. म्हणजे यॉर्कशायर कप जिंकणं म्हणजे ढोबळमानाने देशातल्या निम्म्या व्यावसायिक रग्बीत पहिलं येणं. आपल्याकडचं उदाहरण हवं तर रणजी करंडक घ्या. १९३४–३५ ला तो सुरू झाला तेव्हा विभागवार बाद पद्धतीचा होता आणि विभागांतर्गत साखळी १९५७–५८ पासून आली. त्या काळात पश्चिम विभागातून वर येणं ही केवढी लढाई होती हे जुन्या क्रिकेटवेड्यांना विचारा. फरक एवढाच, की इंग्लंडमधल्या दोन काउंट्यांचे विजेते पुढे या कपासाठी एकमेकांशी भिडत नसत. काउंटीतच स्पर्धा संपायची.

दुसरा गोंधळ नावाचा. १९०७–०८ पासून यॉर्कशायर लीग आणि लँकेशायर लीग अशा आणखी दोन ट्रॉफ्या आल्या. मोठ्या साखळीतल्या सामन्यांपैकी आपल्याच काउंटीतल्या क्लबांशी झालेले सामने वेगळे मोजून ही क्रमवारी लागायची. म्हणजे यॉर्कशायर लीग आणि यॉर्कशायर कप या वेगळ्या गोष्टी. पहिली साखळी, दुसरी बाद पद्धतीची. चारही कप म्हणजे ही काउंटी लीग, काउंटी कप, चॅलेंज कप आणि मोठ्या साखळीतल्या वरच्या संघांच्या अंतिम सामन्याने ठरणारं अजिंक्यपद. साहजिकच १९०७–०८ च्या आधी चार कप कोणाला जिंकताच आले नसते, मोजायला चौथा नव्हताच. आणि ज्या हंगामात पहिल्यांदा शक्य झालं त्याच हंगामात लीड्सच्या दक्षिणेच्या कारखानी वस्तीतल्या हन्स्लेटने ते केलं!

क्रम पाहा. डिसेंबर १९०७ मध्ये हेडिंग्ले मैदानावर हॅलिफॅक्सविरुद्ध १७–० ने यॉर्कशायर कप. याच हॅलिफॅक्सला १३–३ हरवून त्यांनी १९०५ चा पहिला यॉर्कशायर कपही घेतला होता. पुढे हडर्सफील्डच्या फार्टाउन मैदानावर हलला १४–० हरवून चॅलेंज कप. यॉर्कशायर लीगही त्यांचीच. मग अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ओल्डहॅमशी ७–७ बरोबरी, आणि फेरसामन्यात १२–२. कप्तान अल्बर्ट गोल्डथॉर्प, ज्याच्या पायातून त्या हंगामात शंभरावर गोल गेले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला. पुढच्या फळीतल्या सहा जणांना लोक ‘भयंकर सहा’ म्हणत. आजोबांचा भक्तिभाव उगाच नाही. पुढच्याच हंगामात यॉर्कशायर कपच्या अंतिम सामन्याला पुन्हा हेच दोन संघ आले आणि हॅलिफॅक्सने ९–५ ने उट्टं काढलं. हे आजोबा सांगणार नाहीत.

असं आणखी दोनदाच झालं. १९१४–१५ मध्ये हडर्सफील्डने चारही नेले. कप्तान हॅरल्ड वॅगस्टाफ, आणि कडेने धावणारा ऑस्ट्रेलियन अल्बर्ट रोझेनफेल्ड, ज्याने आदल्या हंगामात ८० ट्राय केले होते. तो विक्रम आजही मोडलेला नाही. १९१४–१५ चा यॉर्कशायर कप हडर्सफील्डने हलला ३१–० हरवून घेतला, युद्ध सुरू होऊन चार महिने होत आलेले. मग १९२७–२८ मध्ये लँकेशायरच्या बाजूने स्विंटन. हे तुमच्या फलकाच्या काळाबाहेर जातं, पण तळाशी एक ओळ जरूर द्या.

तुम्ही जाता जाता विचारलंय की अंतिम सामन्यांची मैदानं अशी विचित्र का फिरतात. नियम तटस्थ मैदानाचा आणि सोयीचा, एवढं धरलं की बहुतेक उलगडतं. लँकेशायरच्या बाजूला व्हीटर्स फील्ड आवडीचं. पण ते ब्रॉटन रेंजर्सचं घर. १९०६–०७ ला ब्रॉटनच अंतिम सामन्यात पोहोचले, म्हणून सामना विगनला गेला आणि ब्रॉटनने वॉरिंग्टनला १५–६ हरवलं. पुढच्या हंगामात ते पुन्हा पोहोचले, सामना रॉचडेलला गेला आणि ओल्डहॅमने त्यांना १६–९ ने हरवलं. त्यानंतर विगन–ओल्डहॅम अंतिम सामना आला आणि व्हीटर्स फील्ड पुन्हा मोकळं. विगन १०–९ ने जिंकलं. एखाद्या यादीत ब्रॉटनचा अंतिम सामना व्हीटर्स फील्डवर दाखवला असेल तर तिथे बोट ठेवा आणि वर्तमानपत्र काढा.

‘आता हे कप का नाहीत’ याचं उत्तर छोटं आहे. हंगाम गच्च भरला आणि मोठ्या क्लबांना शरदातले हे जादा सामने नकोसे झाले. १९९२–९३ चे शेवटचे, लँकेशायरकडे विगन, यॉर्कशायरकडे वेकफील्ड ट्रिनिटी. मधल्या काळात काउंटीची वेस बरीच सैल झाली होती. १९७७ मध्ये लँकेशायर कप वर्किंग्टन टाउनने नेला, आणि ते गाव कंब्रियात आहे!

शेवटी एक विनंती. जागा असेल तर निव्वळ गुणांऐवजी ट्राय आणि गोलही वेगळे छापा. १९१०–११ चा लँकेशायर अंतिम सामना ओल्डहॅम ४, स्विंटन ३ असा आहे. आता वरचं गणित लावा. ओल्डहॅमचे दोन गोल आणि शून्य ट्राय, स्विंटनचा एक ट्राय. सामन्यातला एकमेव ट्राय हरलेल्या संघाने केला. चार हंगामांनी रॉचडेलने विगनला ३–२ हरवलं, तिथे मात्र एका ट्रायने एका गोलला मात दिली. नुसत्या आकड्यांवरून हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार नाही. स्विंटनच्या त्या ट्रायखाली एक नाव मात्र असायला हवं. ते त्या सोमवारच्या दैनिकात सापडेल, मायक्रोफिल्मवर साधारण अर्ध्या तासाचं काम आहे.